प्रिंटर जिन्याखाली गेला

दि. ३ जून

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं, पण आज माझंच डोकं ठिकाणावर नाही. चिरंजीवांनी घरातले तिन्ही कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेत. प्रिंटर एकच, तोही माझ्या कॉम्प्युटरला. सूनबाई घरबांधणीचे नकाशे काढतात, त्या फायलीसुद्धा माझ्याच कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे म्हणे दोघांना उघडता येतात. दिवसातून सहा वेळा त्या कागद न्यायला येतात, आल्या की खुर्चीत टेकतात. वर हुकूम, बाबा, तुमचा बंद झाला तर आमचं सगळं अडेल, तेव्हा बंद करायचा नाही!

मी गावाला वीज सोडणाऱ्या सबस्टेशनात जन्म काढलेला माणूस. खोलीतून निघताना बटणं बंद करणं माझ्या हाडीमाशी खिळलंय. काल फिरायला निघालो आणि केला बंद. सूनबाईंचा नकाशा तेव्हा उघडा होता, अर्ध्या दिवसाचं काम गेलं. चिरंजीव मला बोलले. मला! मीही सुनावलं, ही खोली आहे, धर्मशाळा नाही, तुमचं लटांबर उचला. माझं काय चुकलं, तूच सांग.

तब्येतीला जप, लोभ ठेव.

तुझा,
धाकटा

दि. १० जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

चुकलं. साफ चुकलं. अख्ख्या गावाचे दिवे चालू राहावेत म्हणून जन्म घालवलास, आणि घरातल्या पोरीसाठी एक यंत्र चालू ठेवणं तुला जड झालं?

सुनेला मी पत्र टाकलं होतं, तिचं उत्तर वाचून अंगाचा तिळपापड झाला. तुझा लेक प्रिंटर जिन्याखाली ठेवणार होता. तुझ्या खोलीत ठेवायचा हट्ट तिचा. तुझी बायको गेल्यापासून तू दार लोटून बसतोस, जेवणापुरता बाहेर येतोस. कुणी आत डोकावलं तर पहिला प्रश्न, काय काम आहे? म्हणून तिने काम काढलं. त्याला तू लटांबर म्हणालास! मेल्या, अक्कल कुठे गहाण ठेवलीस?

राग मान नाहीतर नको मानू, तिच्याशी बोल.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
आक्का

दि. १८ जून

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आधीच चिरंजीवांनी सगळं उचललं. नवा बिनतारी प्रिंटर जिन्याखाली ठेवला, फायली आपल्याकडे नेल्या. मी कॉम्प्युटर हवा तेव्हा बंद करतो, कुणाचं काही अडत नाही. दहा दिवसांत माझ्या खोलीत कुणी पाऊल टाकलेलं नाही. सगळे इतकं शहाण्यासारखं वागतायत, की या शहाणपणाचा मला किती संताप येतो म्हणून सांगू!

परवा सूनबाईंच्या टेबलाशी गेलो. नकाशाचं चुकलं माझं, एवढं कसंबसं म्हणालो. मग सांगितलं, प्रिंटर माझ्याकडे ठेवा, जिन्याखाली धूळ बसते. त्या म्हणाल्या, प्रिंटर राहू दे, तुम्ही नुसती हाक मारा, मी येईन. हाक मारा म्हणे! घरच्या माणसाने खोलीत यावं म्हणून हाका मारायच्या? तणतणत परत आलो, दार आपटलं. दिवसभर पेपर धरून बसलो, एक अक्षर डोक्यात शिरेल तर शपथ. कालही तसंच.

आज चार वाजता मारली हाक. अर्धी तोंडातच होती, पोरगी दारात उभी.

बाकी सर्व ठीक. रागव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा