समुद्राचं पाणी, सोप्या भाषेत

२ मार्च, सोमवार.
साहेबांनी बोलावलं. आमचा समुद्र-रसायन विभाग नक्की करतो काय, हे वरच्यांना कळत नाही म्हणे. एकवीस तारखेला सामान्य लोकांसमोर भाषण द्यायचं. लोकांना पटलं तर विभाग राहील, नाहीतर कुलूप. अकरा वर्षं समुद्राचं पाणी तपासतोय मी. माझ्या डाव्या हातचा मळ. संकल्प: रोज एक तास सराव.

४ मार्च.
सराव उद्यापासून. आज स्लाइड्स केल्या. एकशे चौदा. गाळण्यासारखी एकही नाही.

९ मार्च, संध्याकाळ.
बायकोपुढे रंगीत तालीम. तिसऱ्या स्लाइडला ती म्हणाली, भाजी करपतेय. गॅस बंद होता. काय कळलं म्हणून विचारलं, तर म्हणे समुद्राचं पाणी खारट असतं. श्रोताच कच्चा, त्याला मी काय करणार?

१३ मार्च.
भाषा सोपी केली. ‘क्षारता’ काढून ‘अल्कलिनिटी’ घातलं. आमचा बोटवाला, ज्याला सगळे कॅप्टन म्हणतात, तो म्हणाला, लोकांना एखादी गोष्ट सांगा. हसण्यावारी नेलं.
पण विभाग बंद झाला तर या वयात मला दारात कोण उभं करणार? पाणी तपासण्याशिवाय मला काहीही येत नाही.

२० मार्च.
सराव राहिलाच. हरकत नाही. आयत्या वेळी बोलणं हीच माझी ताकद.

२१ मार्च, दुपारी ४.
संपलं सगळं.
नवव्या स्लाइडला घसा कोरडा पडला. टेबलावर पाण्याचा जग होता. ग्लासात थोडं पाणी घेतलं, गरगर फिरवलं, फेकलं. तीनदा. नमुना घेण्याआधी बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, ही अकरा वर्षांची सवय. बोटीवर समोर समुद्र असतो. इथे पहिल्या रांगेत साहेब होते.
लोकांचं हसणं थांबेचना. मी मटकन खुर्चीत बसलो. रडूच आलं.
तेवढ्यात मागून कॅप्टन उठला. म्हणाला, हसू नका. बाटलीत कालचा एक थेंब राहिला तर आजचं माप खोटं ठरतं. समुद्राची रक्ततपासणी करतो हा माणूस. खाडीत कारखान्याचं घाण पाणी येतंय हे मासे मरायच्या आधी यानेच पकडलं, म्हणून तुमची पोरं तिथे पोहतात.
सगळं मिळून चार मिनिटं. मग अर्धा तास प्रश्न. सगळे कॅप्टनला.

२३ मार्च.
विभाग राहिला!
दर महिन्याला भाषण ठेवायचं ठरलंय. बोलणार कॅप्टन. मी शेजारी उभं राहून ग्लास विसळून दाखवायचा. मीही दोन शब्द बोलू का, असं विचारलं. साहेब नको म्हणाले.
घरी येऊन सांगितलं. बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच विचारलं, तुम्ही नक्की करता तरी काय? मी उत्साहाने सुरुवात केली.
दोन मिनिटांनी म्हणाली, रविवारी कॅप्टनना जेवायला बोलवा, त्यांनाच विचारते.