इस्त्रीचं टोक

३ मार्च

चि. धांदरटास ताईचे अ. आ.

वि. वि. गुडघा दुखतो म्हणून येत नाहीस, हे कारण तू दुसऱ्या कुणाला सांग. बाबांचं शिवणाचं दुकान मी एकतीस तारखेला बंद करतेय. माझी नजर आता सुईच्या नाकात जात नाही. शेवटच्या दिवशी भाऊ नको का? तीस वर्षांत उंबऱ्याला पाय लावला नाहीस. अरे, डॉक्टरांच्या नव्या कोटावर इस्त्री विसरलास, पाठ जाळलीस, बाबांनी तुला सुताराकडे धाडलं. झालं गेलं. मी कधीच माफ केलंय. गिऱ्हाइकांना गंमत म्हणून सांगते, एवढंच.

लोभ आहेच, राग धरू नकोस.
ताई

९ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

वि. वि. गुडघा ठणठणीत आहे. खोटं बोललो. दुकानाच्या नुसत्या विचारानं जळक्या लोकरीचा वास येतो. डाव्या हाताला इस्त्रीची ती गरम मूठ अजून जाणवते. रस्त्यावरचं भांडण बघायला मी धावलो, तेही स्पष्ट दिसतं. सुतारकामात पोट भरलं, पण मला कापडच आवडायचं. ते मी माझ्या हातानं घालवलं. मला बोलावू नकोस.

लोभ कमी करू नये.
तुझा धांदरट

१६ मार्च

भाऊराया, अ. आ.

वि. वि. हातातलं काम टाकून लिहितेय, चुका काढू नकोस.

कोटाचा जळका तुकडा बाबांनी धडा म्हणून भिंतीला ठोकला होता ना, तो काल काढला. टेबलावर पसरला, बाबांच्या शिस्तीत, मानेची बाजू भिंतीकडे. सहज जुनी इस्त्री त्या डागावर ठेवून पाहिली. दुकानात काजेबटणं करायला येते त्या बाईनं उजव्या हातानं ठेवली तर टोक डावीकडे जातं. डागाचं टोक उजवीकडे. मग मी उचलली, माझ्या डाव्या हातानं. डब्यावर झाकण बसावं तशी बसली.

घरात डावखुरी मी एकटी. कोट मी जाळला रे.

तरी तीनदा ठेवून पाहिली. कारण ऐक, अजूनही डोळे मिटले की तूच दिसतोस, निळा शर्ट घातलेला, पळताना. तो शर्ट तर सुतारानं तुला पुढच्या वर्षी दिला! तू बशा फोडायचास, कात्री पाडायचास, म्हणून कोटही तुझ्याच नावावर. बाबांनी विचारलं नाही, मी आठवलं नाही. आठवलं ते भलतंच, आणि शपथेवर.

आणि तुझं पत्र पुन्हा वाचलं. गरम मूठ डाव्या हाताला? अरे, तू उजव्या हाताचा! लग्नाकार्यात तुझ्यादेखत ही गोष्ट सांगताना मी डावा हात फिरवायची, तो हात तू स्वतःला लावून घेतलास. न केलेली चूक तुझ्या तळहातात गरम आहे. माणसाच्या डोक्यात कोण शिंपी बसलाय देव जाणे! कापड कुणाचं, अंग कुणाचं, आणि टाका कुठे दिसत नाही. मी चौथी शिकलेली बाई, पण हात जोडावेसे वाटले. भीतीही वाटली.

माफी कशी मागतात मला येत नाही. दुकान बंद करत नाही. बाबांची कात्री उजव्या हाताची आहे, मला कधी जमलीच नाही. ती तू धरणार का, शनिवारपर्यंत कळव. पत्र आलं नाही तर रविवारी तो तुकडा आणि इस्त्री घेऊन मी तुझ्या दारात.

तुझीच, डावखुरी