भिंतीवरच्या रेघा

अकोला, ता. ३ जाने. १९३६
सरकी काढायच्या सात नंबरच्या रेच्यावर आज दोनदा चिनगी. कापसातून खडा आला की लोखंडावर घासून उडतेच. त्यावर कापूस घालणाऱ्या गंगूबाईने ओल्या फडक्याने दाबली, मागच्या भिंतीवर कोळशाच्या दोन रेघा मारल्या. युक्ती माझी. बायांना लिहिता येत नाही आणि जिन-कारखान्यात मिस्त्री मी एकटा. संध्याकाळी भिंत बघायची, रेघा दाट दिसल्या तो रेचा उघडायचा. तीन हंगाम आग नाही. आपली पाठ आपणच थोपटावी, दुसरं कोण थोपटतं!

ता. ९
येत्या सोमवारी इन्स्पेक्टर येणार. मॅनेजर भिंतीपुढे थबकले. "हे काय मिस्त्री? साहेबांना वाटेल इथे रोज आग लागते." म्हटलं, लागू नये म्हणूनच. "चुना मारा." मारला. वर बायांना तंबी, पुन्हा भिंतीवर रेघ दिसली तर त्या बाईचं काम बंद. मी मान डोलावली. नोकरीचा माणूस.

ता. १३
साहेब खूश. भिंती पांढऱ्याफटक, बादल्या काठोकाठ. शेरा उत्तम. मॅ. नी पेढे वाटले. मीही खाल्ला.

ता. २१
एकही रेघ नाही. मॅ. म्हणतात, बघा, चुन्याने चिनग्यासुद्धा थांबल्या! हसावं की रडावं. सातपाशी करपल्या रुईचा वास येतो. गंगूबाईच्या पदराला बोराएवढं जळकं भोक. विचारलं, तर "चुलीवर जळलं, मिस्तरीभाऊ," आणि पदर मुठीत. मॅ. ना म्हटलं, सात अर्धा दिवस थांबवू. "ऐन हंगामात?" संपलं. मला भीती वाटते. भिंत काळी होती तेव्हा कधी वाटली नव्हती.

ता. २२
मॅ. अमरावतीला. रेचे सुरू व्हायच्या आधी सात उघडला. आत राख, चिमूटभर नाही, मूठभर. गंगूबाईला बोलावून दाखवली. "सांगितलं काहून नाही?"
"सांगून काय करू? मले दोन लेकरं हायेत. तुमाले कोन काढते? तुमीच मारा रेघ."
खरं बोलली. फार लागलं.
कोळसा घेतला, सगळ्या बायांसमोर मारली. हातभर लांब. चुन्यावर भलतीच काळी दिसते.
दुपारच्या भोंग्यानंतर गेलो तर आठच्या मागेही एक. बोटभर, वाकडी. कोणी मारली, कळलं नाही. मीही विचारलं नाही.
मॅ. उद्या सकाळच्या गाडीने येतात.