मुरूम लागेपर्यंत

लिहून ठेवतो मी, मिंगेल इनास फर्नांडिस, वय बावीस, धंदा होडीसुतारी, मूळचा वेंगुर्ले बंदरचा, हल्ली अमरावतीस कापसाच्या दाबखान्यात. ताप हाडांत शिरला आहे, पण अक्कल ठिकाणावर आहे. कोणाची जबरदस्ती नाही. उशाला पार्बताबाई आहेत, त्या कण्या पाजण्यापुरती करतात तेवढीच.

कलम पहिले. लाकूड तासायचा वाकस व करवत पार्बताबाईंचे चिरंजीव देवीदास यांस. त्यांच्याच ओसरीवर मी पडून आहे. वाकस माझ्या वडिलांचा. त्याने त्यांनी बंदरातली पहिली इगर्ज, आमचे प्रार्थनेचे घर, उभारली, म्हणजे झावळ्यांची खोपीच. तेव्हा किरिस्तावांची घरे चार, पाद्री गलबताने येई, गाव आम्हांस पाहुणे समजे. मग आई वारली. तिला इगर्जीमागे वाळूत पुरले. वडील म्हणाले, "आता आपण इथले." पुढे त्या क्रुसाभोवती घरे वाढतच गेली. मी मात्र टिकलो नाही. भाऊ पेद्रूसह कापसामागे घाट चढलो. असो, विषय सुटला.

कलम दुसरे. जपमाळ पार्बताबाईंस.

कलम तिसरे. मुकादम जानराव यास काही नाही. पेद्रू पटकीने गेला तेव्हा हा म्हणाला, "जाळून टाक ना बे मिस्त्री, काहून मातीशी खेळतं?" मी भर पावसात, गावी खणतात तसा, कमरेइतका खड्डा खणून पेद्रूला पुरला. क्रूस ठोकला. वाटले, आता आपण इथले. चैत्रात काळी माती फाटली. भेगेत हात जाईल एवढी. क्रूस आडवा झाला आणि खाली पेद्रूचा सदरा दिसला. जानराव हसला, "वर येऊन राहिला तुहा भाऊ!" मी भेग बुजवली. ती पुन्हा उघडली.

कलम चौथे, खरे हेच, देवीदासांस परवाही बोललो होतो. मला जाळू नये. पेद्रूला काढून आम्हां दोघांस देवीदासांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एकाच खड्ड्यात पुरावे, काळी माती संपून मुरूम लागेल इतके खोल. पार्बताबाई आत्ताच म्हणाल्या, "येवढ्या खोल कोन शोधीन रे तुले?" माय, शोधू नयेच. वर क्रूस असावा. आमच्यातला कोणी पुढे इकडे आला तर त्यास दिसेल.

वडिलांस कळवावे की दोघेही नीट पुरले आहेत. भेगेचे कळवू नये.

मुक्काम अमरावती, वैशाख वद्य षष्ठी, शके १७८७.
सही, मिंगेल इनास फर्नांडिस

साक्षी:
भगवंत गोपाळ, पंतोजी. सही.
देवीदास पुंजाराम, निशाणी नांगर. त्यांनी ओसरीबाहेर येऊन सांगितले ते मी, भगवंत, लिहितो: "कालच खंदून ठेवला. मुरूम लागला. मिस्त्रीले नोका सांगू."