नानाकाकांच्या खोलीतला वास

मंगळवार, १२ नोव्हेंबर १९३५
वास आजही आहे. मागच्या पडवीत पाय ठेवला की मळमळतं. आईने धूप जाळला. आता धूप नि घाण दोन्ही मिळून येतात. शी!
नानाकाका, बाबांचे चुलतभाऊ, दसऱ्याला आठ दिवसांसाठी आले ते अजून आहेतच. नाकाला उपरणं लावून म्हणाले, "मांजरच काहीतरी मेलेलं आणून टाकत असंल. कुत्री-मांजरं असली की त्या घरात देव राहत नाही." बोलता बोलता पिंक तुळशीपाशी. तिथे राहतो वाटतं देव.

बुध. १३
सगळं घर हुडकलं. कपाटामागे, लाकडांच्या ढिगात. काही नाही. राहिली फक्त ना.कां.ची खोली. त्यांचं सोवळं असतं, तिथे कोणी जायचं नाही. कडी मोडकी, म्हणून बाहेर जाताना दाराला सुतळी बांधतात. गाठींवर गाठी.
आमचा शेरू कुत्रा दिवसभर त्या दाराला नाक लावून बसला. ठमी मांजर त्याच्या शेजारी! एरवी दोघांचं पटत नाही. ना.कां.नी शेरूला खडाव फेकून मारली. कानामागे रक्त. हळद लावली.
जेवताना बाबा : "रविवारी मांजर नदीवर, ग्वारीघाटाला. नावेनं पलीकडे सोडून येऊ."
"काहून? तिनं काय केलं?"
"कुसुम, मोठ्यांच्या मध्ये बोलू नको."
ताट सारून उठले.

शुक्र. १५
पोट दुखतं म्हणून शाळेत गेले नाही. खोटं.
दुपारी ना.का. ओमती मोहल्ल्यात पोथी ऐकायला गेले. आई जरा आडवी झाली होती. चंदा शेळी दावं सोडवून पडवीत आली नि दाराची सुतळी चघळू लागली. मी हाकललं नाही. सगळ्या गाठी तिच्या पोटात. शेरूने डोक्याने दार ढकललं. ठमी त्याच्या पाठीवरून ट्रंकेवर, ट्रंकेवरून फळीवर. वरून तिने एक गाठोडं खाली लोटलं. शेरूने ते ओढत अंगणात आणून फाडलं.
माशांची डोकी. काटे. कागदात गुंडाळलेली, ओली, अळ्या वळवळत असलेली. मी तिथेच ओकले. आई धावत आली. तिने गाठोडं पाहिलं. मग उघडं दार पाहिलं. पदर तोंडाला लावला.
ना.का. चोरून मासे खातात, त्याचं मला काही नाही. वर्गातली शेफाली रोज खाते, तिच्या घरी कधी असा वास नाही. पण स्वतः खाऊन नाव ठमीचं घ्यायचं? नि वर देवाच्या गोष्टी…

शनि. १६
आईने बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता सुटली ठमी.
बाबा ना.कां.च्या खोलीत गेले, दार लावून घेतलं. बाहेर आले ते खाली बघत.
"मांजरानंच नेऊन ठेवलं असंल."
"कागदात गुंडाळून?" मी म्हटलं.
बाबांनी हात उगारला. मारलं नाही. ना.कां.नीच बाबांना लहानपणी सांभाळलं, शिकवलं. माहीत आहे मला. म्हणून काय…
ना.का. संध्याकाळी तेच सोवळं नेसून पूजेला बसले. त्या बोटांनी देवाला गंध. मला बघवेना. मला दिलेला प्रसाद मी शेरूपुढे टाकला. त्याने हुंगून सोडला.
बाबांची पण किळस आली आज. लिहू नये असं. लिहिलं.

रवि. १७
सकाळी तांगा दारात. ठमीला पोत्यात घातलं, तोंड ना.कां.नी स्वतः बांधलं. आत ती ओरडून राहिली होती. शेरू चाकापुढे आडवा पडला. चंदा घोड्याचं गवत खात त्याच्यासमोरच उभी, हलेना. तांगेवाला वैतागला, "बाबूजी, इनको हटाओ पहले!" मी पोत्याला मिठी मारून बसले.
आई घरातून आली. हातात ना.कां.ची ट्रंक. एवढी जड, एकटीने आणली. पोत्याशेजारी ठेवली. ना.कां.समोर आईचा आवाज मी आजवर ऐकला नव्हता.
"तांगा एकच आहे," ती बाबांना म्हणाली. "काय न्यायचं ते तुम्ही सांगा."
ना.का. बाबांकडे बघत होते. बाबा ट्रंकेकडे.
"अरे भैया, जाना किसको है?" तांगेवाला.
मी पोतं उचलून आत आणलं. गाठ फार पक्की आहे, सुटून नाही राहिली. ठमी आता गप्प आहे, पण पोतं हलतंय. तांगा गेल्याचा आवाज अजून आलेला नाही.