गल्ला खाली, किल्ली वर

रोक्काल्बाना,
६ नोव्हेंबर

तीर्थरूप आर्जियाताईस धाकट्या नेवियोचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? नीट सविस्तर कळव. जिने चढता येतात का, किती पायऱ्यांनंतर थांबावं लागतं, कठडा लागतो का. तोरिनोत एव्हाना गारठा सुरू झाला असेल. इकडे सगळं ठीक आहे. ऑलिव्ह उतरवून झाले, नवी दारू यंदा आंबट आहे, माझी पाठ बरी आहे आणि येत्या सोळा तारखेला, शनिवारी, मी लग्न करतो आहे. (हे आधी लिहायला हवं होतं, पण आधी प्रकृती विचारावी असं आईने शिकवलं आहे.) मुलगी, म्हणजे वय चौसष्ट, भट्टीवाल्या एर्मेतेची विधवा दोसोलिना. पाव तिच्याच हातचा खातो, त्यामुळे स्वभाव ठाऊक आहे.

लग्नाला अंगठी हवी. आईची अंगठी कुठे आहे हे मला माहीत होतं. (ताई, पाणी पी आणि पुढे वाच.) ती माझ्या गल्ल्यात होती. बचत बँक शाळेतल्या मुलांना पत्र्याचा गल्ला द्यायची, त्यातला. त्रेसष्ट सालचा, क्रमांक अकराशे सत्तावीस. अंगठी तिथे कशी गेली ते कागद उरला तर शेवटी लिहीन.

तुला आठवत असेल, गल्ला घरी असायचा आणि किल्ली बँकेत. पैसे टाकता यायचे, काढता यायचे नाहीत. उघडायचा तो बँकेतच, आईबापांच्या समोर. दोसोलिना म्हणाली, आण इकडे, मासळीचा डबा उघडते तसा उघडते. मी तिला तळ दाखवला. तळावर कोरलं आहे: हा गल्ला बँकेच्या मालकीचा आहे, फोडू नये. मी त्या बँकेत छत्तीस वर्षं शिपाई होतो. मला ते जमणार नाही, असं मी तिला सांगितलं.

"बँकेच्या मालकीचा," ती म्हणाली. "आणि बँक कोणाच्या मालकीची रे?"

ताई, या प्रश्नात माझे दोन महिने गेले.

बँक निघाली १८४४ साली. शंभर जणांनी दहा-दहा चांदीची नाणी दिली. त्यात एक काउंट होता, औषधवाला होता, तीन पाद्री होते. नफा कोणी घ्यायचा नाही असं ठरलं. एखादा मेला की उरलेले नवा निवडायचे. पण हे शंभर जण मालक नव्हते. ठेवीदारही नव्हते. नगरपालिकाही नव्हती. दीडशे वर्षं बँकेला मालकच नव्हता आणि कोणाला तो शोधावासाही वाटला नाही. (बाबा म्हणायचे, चौकातल्या कारंज्याचा मालक कोण, ते सांग, मग बँकेचा सांगतो.) मग त्र्याण्णव साली रोमहून कायदा आला की प्रत्येक बँकेला मालक असलाच पाहिजे. तेव्हा बँकेची कंपनी केली, तिचे सगळे शेअर एका प्रतिष्ठानाला दिले आणि प्रतिष्ठान वरच्या मजल्यावर बसवलं. माणसं तीच. सोमवारी जे खाली बँक होते ते मंगळवारी वर जाऊन बँकेचे मालक झाले. जिना एकच होता, आणि माझी खुर्ची जिन्याखाली होती. मालक वरून चालत यायचे आणि मला विचारायचे, नेवियो, छत्री आणावी का?

त्या वेळी सामानाची वाटणी झाली. उपयोगाच्या वस्तू बँकेला, ऐतिहासिक वस्तू प्रतिष्ठानाला. गल्ले उपयोगाचे ठरले. गल्ल्यांच्या किल्ल्या अडकवलेला फळा ऐतिहासिक ठरला, कारण त्याला चांगली चौकट होती. जिनासुद्धा वाटला: नवव्या पायरीपर्यंत बँक, दहावीपासून प्रतिष्ठान. (झाडूवाली दोघांकडून पगार घ्यायची आणि नववी-दहावीच्या मधली कड झाडायची नाही.) पुढे प्रतिष्ठानाने बँक बोलोन्याच्या मोठ्या बँकेला विकली आणि त्या पैशांतून गावाच्या बँडला तुताऱ्या, रुग्णवाहिका आणि वेशीला नवं छप्पर दिलं. बोलोन्याची बँक मिलानने गिळली. मिलानला फ्रेंचांनी घेतलं. प्रत्येक वेळी दारावरची पाटी बदलली आणि प्रत्येक वेळी ती मीच पुसली. तात्पर्य, माझ्या गल्ल्याचा मालक पॅरिसमध्ये आणि किल्लीचा मालक वरच्या मजल्यावर.

सप्टेंबरात मी गल्ला बँकेच्या खिडकीवर दिला. हीच चूक झाली. नव्या मॅनेजर पेझोत्तीबाई मिलानच्या आहेत, चांगल्या आहेत, पण कागदाशिवाय त्यांना श्वास घेता येत नाही. त्यांनी पावती दिली, गल्ला तिजोरीत ठेवला आणि मिलानला विचारलं. मिलानने पॅरिसला विचारलं. पॅरिसच्या यादीत निघालं: गल्ले, पत्र्याचे, चारशे नग. सहा आठवड्यांनी परवानगी आली. गल्ला उघडावा, मात्र बँकेच्या हद्दीत.

मी किल्ली मागायला वर गेलो. प्रतिष्ठानाचा सचिव म्हणजे वकील फुल्जेन्सियो, शाळेत माझी उत्तरं बघून लिहिणारा. तो म्हणाला, किल्ली ऐतिहासिक आहे, सभेच्या ठरावाशिवाय हद्दीबाहेर जाणार नाही. सभा मार्चमध्ये. मी म्हणालो, फुल्जे, लग्न नोव्हेंबरात आहे. तो म्हणाला, अडुसष्ट वर्षं थांबलास, अजून चार महिन्यांनी काय बिघडतंय? हे दोसोलिनाला कळलं. ती पिठाच्या हातांनी वर गेली आणि म्हणाली, "वकीलसाहेब, उद्यापासून पाव तुमच्या सभेकडून घ्या."

त्याच संध्याकाळी तोडगा निघाला.

एकतीस ऑक्टोबरला, बचतीच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता पेझोत्तीबाई नवव्या पायरीवर गल्ला धरून उभ्या राहिल्या. दहाव्या पायरीवर फुल्जेन्सियो किल्ली घेऊन वाकला. किल्ली साखळीने त्याच्या पट्ट्याला बांधली होती, त्यामुळे किल्ली खाली आली की तोही येत होता. मागून त्याचा कोट कारकुनाने धरला. फुल्जेन्सियोने चष्मा लावून १८४४ सालचा नियम वाचला: आईबाप नसल्यास घरातल्या वडीलधाऱ्या माणसासमोर उघडावा. घरात मोठं कोण, त्याने विचारलं. मी म्हणालो, मीच. (माफ कर. तू पायरीवर नव्हतीस.)

किल्ली फिरली. एकसष्ट वर्षांनी पहिल्याच झटक्यात फिरली. (काम तेव्हा असं करत असत.) झाकण उघडलं, दहा-दहा लिऱ्यांची नाणी जिनाभर सांडली आणि त्यांच्या मागून अंगठी टणटणत खाली निघाली. आठवी, सातवी, सहावी. पेझोत्तीबाई ओरडल्या, "हद्दीबाहेर चालली! धरा!" फुल्जेन्सियो धरायला वाकला आणि साखळीसकट बँकेच्या हद्दीत येऊन पडला. (लागलं नाही. प्रतिष्ठानाची किल्ली तीस वर्षांनी बँकेत आली म्हणून कारकून रडला.) अंगठी दारातून बाहेर पडणार, एवढ्यात दोसोलिनाने तिच्यावर बूट ठेवला.

"आता ही माझ्या हद्दीत," ती म्हणाली.

बँडवाले बाहेर उभेच होते. त्यांनी प्रतिष्ठानाच्या तुताऱ्या वाजवल्या. भाजलेले चेस्टनट वाटले. पेझोत्तीबाईंनी आंबट दारूचे तीन पेले घेतले आणि एकाचीही पावती मागितली नाही. ताई, मी इतका आनंदात कधी नव्हतो.

भावोजींना नमस्कार सांग. गुडघ्यांना शेक देत जा.

तुझा,
नेवियो

ता. क. कागद उरला आहे. अंगठी मीच टाकली. बाबांनी वासरू विकून मोटरसायकल आणली त्या रात्री आईने अंगठी टेबलावर आपटली आणि सकाळी विहिरीत फेकते म्हणाली. मी सात वर्षांचा होतो. गल्ल्यात गेलेलं कोणी काढू शकत नाही असं बाईंनी शाळेत शिकवलं होतं. सकाळी आईचा राग गेला होता, पण ती अंगठी शोधत होती. मी सांगणार होतो. तेवढ्यात तिने तुला मारलं, कास्तेलफिदार्दोच्या त्या अकॉर्डियनवाल्याला दिलीस म्हणून. एक थप्पड तुला मिळून गेली होती. दुसरी मला मिळून पहिली परत येणार नव्हती. असा मी तेव्हा विचार केला. नंतर तू तोरिनोची गाडी धरलीस आणि मी तोच विचार करत राहिलो.

ता. क. हे मी दोसोलिनाला परवा सांगितलं. काल सकाळी ती बँकेत गेली, पेझोत्तीबाईंकडून गल्ला मागून घेतला (फुल्जेन्सियोने सवयीने कुलूप लावून ठेवलं होतं) आणि अंगठी फटीतून परत आत टाकली. "आता नियमाप्रमाणे उघड," मला म्हणाली. "घरातल्या मोठ्या माणसासमोर. ती देईल तर घालीन, नाहीतर पाव घ्यायला येत जा."

ता. क. पंधरा तारखेला, अकरा वाजता ये. पॅरिसची परवानगी तीच चालते, विचारून घेतलं. थप्पड मारायची असेल तर जिन्यातच मार, दोन्ही हद्दींचे साक्षीदार आहेत. पायऱ्या नऊच आहेत, दहावी चढावी लागणार नाही. कठडा आहे. पाचवीवर मी खुर्ची ठेवतो आहे, माझीच, जिन्याखालची. गुडघ्यांचं सुरुवातीला विचारलं ते यासाठी.