आमच्या घरचा ओला कचरा

१ फेब्रुवारी, रविवार
आजपासून हे घर हरित. निर्णय माझा, अंमलबजावणी सगळ्यांनी करायची. सगळे म्हणजे शरयू.

कॉलनीच्या मंडळाने 'हरित घर' स्पर्धा जाहीर केली आहे. एप्रिलअखेर तपासणी, महाराष्ट्र दिनी झेंडावंदन झालं की बक्षीस. पहिला नंबर आपलाच. पाटबंधारे खात्यात हयात गेली, सत्कार असा एकदाही झाला नाही. निवृत्तीच्या दिवशी जो नारळ दिला तोही कुजका निघाला.

सकाळी घंटागाडीत डोकावून पाहिलं. काय टाकतात लोक! शी. हे म्हणे सांगलीतले सुशिक्षित.

४ फेब्रुवारी
कंपोस्टचा डबा आला. ऑनलाइन मागवला. आत थर्माकोल, वर प्लास्टिक, त्यावर आणखी प्लास्टिक. त्या कंपनीला कडक शब्दांत कळवणार आहे.

शरयू म्हणाली, अहो, गच्चीत ठेवा. म्हटलं, गच्चीत ऊन लागतं, जिवाणू मरतात. डबा स्वयंपाकघरातच, ओट्याशेजारी राहील.

हरिबा दूधवाला भाजीच्या साली, देठं रोज म्हशीसाठी न्यायचा. शरयूने ती पद्धत पाडली होती. मी बंद केली. तो म्हणाला, आवं सायब, मग म्हशीनं काय खायाचं? म्हटलं, तो तुझ्या म्हशीचा प्रश्न. आपला कचरा आपण जिरवायचा, हे तत्त्व आहे. तो शरयूकडे बघत होता. तत्त्व म्हटलं की या लोकांचे चेहरे असेच होतात.

९ फेब्रुवारी
फिनाईल हद्दपार. संत्र्याच्या साली, गूळ आणि पाणी बाटलीत मुरवायचं, की नैसर्गिक क्लीनर तयार. मोबाईलवर पूर्ण कृती पाहिली. जवळजवळ पूर्ण. शेवटी तो माणूस फार बडबड करत होता.

कृतीला प्लास्टिकच्याच बाटल्या लागतात. घरात नव्हत्या, म्हणून कोल्ड्रिंक्स आणली. प्यावी लागली. पर्यावरणासाठी शरीर झिजवतो आहे, पण कुणाला सांगत नाही.

१७ फेब्रुवारी
डब्यात अळ्या. पांढऱ्या, जाड. हे चांगलं लक्षण आहे असं वाचलंय. तरीही पाहिल्यावर सकाळचा चहा वर आला.

कामवाली शालूबाई म्हणाली, काकी, आत उंदीर मेलाय व्हय? लय घाण मारतंय. मी तिला विघटन समजावून सांगितलं. ती पदर नाकाला लावून भांडी घासत राहिली. विज्ञानाबद्दल आस्थाच नाही.

२२ फेब्रुवारी
डब्याचा वेग मंद आहे. शेजारचे लालासाहेब निवृत्त सुभेदार, कुंडलला त्यांचा ऊस आहे. त्यांच्या शेतावर साखर कारखान्याची मळी, म्हणजे उसाच्या रसाचा गाळ, पडलेली असते. तीच खतासाठी सर्वोत्तम. एक पोतं मागितलं. लालासाहेब म्हणाले, देतो की, पन ताजी हाय, उघड्यावर मुरू द्या, घरात घिऊ नका बरं का. फौजेत राहून माणूस उगाच सावध होतो. घरात घेतली.

२३ फेब्रुवारी
सांगण्यासारखं काही नाही. जेवलो नाही.

५ मार्च
वासाबद्दल चार ओळी लिहून ठेवतो. सुरुवातीला तो आंबूस असतो. मग कुजका होतो. मग नाकाला काहीच कळेनासं होतं, ती खरी प्रगती. माझी झाली आहे. शरयूची नाही. ती आता हॉलमध्ये भाजी निवडते आणि ओट्याशी तोंडाला रुमाल बांधून उभी राहते. किळस करायची सवय लागली की माणूस कामातून जातं.

दुसरं म्हणजे, बाटल्यांमध्ये जोर येत नव्हता. आज कारण सापडलं. शरयू रोज पहाटे उठून एकेक झाकण सैल करते, फुस्स आवाज काढते आणि पुन्हा लावते. म्हणाली, अहो, फुगतात त्या, फुटतील एखाद दिवशी. म्हणजे सगळी ताकद हिने हवेत सोडली! मी पकडीने झाकणं आवळली, वर चिकटपट्टी गुंडाळली. ताकीद दिली. ती भाजीची परात उचलून हॉलमध्ये गेली. समजलं असावं.

१९ मार्च, पाडवा
गुढी उभारली. गुढीला प्लास्टिकचा हार नाही, साखरेच्या गाठी कागदात बांधून आणल्या. गाठींना मुंग्या लागल्या. सगळं घरच मुंग्यांनी भरलंय. जैवविविधता.

शरयूने एकच मागणं मागितलं. मंगळवारी चैत्रगौरीचं हळदीकुंकू. कॉलनीतल्या सगळ्या बायका येणार, लालासाहेबांची नवी सून स्वप्नालीचा हा पहिलाच चैत्र. तेवढा एक दिवस डबा आणि बाटल्या दिसता कामा नयेत. सासूबाईंपासून या घरातलं हळदीकुंकू कधी चुकलं नाही, म्हणाली. मी शब्द दिला.

२४ मार्च, मंगळवार
शब्द पाळला. डबा न्हाणीघरात ठेवून दार लावलं. बाटल्या आराशीच्या टेबलाखाली सरकवल्या, वरून शरयूची जांभळी इरकल सोडलेलीच होती. अजिबात दिसत नव्हत्या.

आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, कलिंगडाची कमळं. गौर झोपाळ्यात. बायका जमल्या. मी आतल्या खोलीत होतो, पण कान बाहेर. स्वप्नालीला सगळ्यांनी उखाण्याचा आग्रह केला. ती उठली, लाजली, पहिली ओळ म्हणाली आणि बाटली फुटली.

मग दुसरी. मग उरलेल्या सगळ्या.

बाहेर आलो. गौर झोपाळ्यासकट कलंडलेली. डाळीवर, पन्ह्यावर, बायकांच्या केसांवर तपकिरी साली. देशी दारूच्या गुत्त्यासारखा वास. स्वप्नालीची लग्नातली साडी छातीपासून खाली भिजलेली, आणि तीच बिचारी शरयूला म्हणत होती, काकी, ऱ्हाऊ द्या, काय न्हाई व्हत. कुणीतरी हात धुवायला न्हाणीघराचं दार उघडलं. ते उघडायला नको होतं.

बायका गेल्या. हळदीकुंकू न लावताच गेल्या. ओट्या तशाच राहिल्या.

मी शरयूला म्हटलं, बघ, ताकद केवढी होती. तिने गौर उचलून पदराने पुसली आणि रडायला लागली. मी हिला इतक्या वर्षांत असं रडताना पाहिलं नव्हतं.

चिकटपट्टी हलक्या प्रतीची निघाली. दुकानदाराला जाब विचारणार.

२५ मार्च
शरयू सकाळच्या गाडीने वाईला बहिणीकडे गेली. थकली आहे. घाटावर जरा मोकळी हवा खाईल, दोन दिवसांत येईल.

२ एप्रिल
अजून मोकळी हवा खाते आहे. फोन तिची बहीण कुमुद उचलते. म्हणते, शरू देवळात गेलीय. दुपारी बारा वाजता कसलं देऊळ? मला या कुमुदचा पहिल्यापासून तिटकारा आहे.

शालूबाईने काम सोडलं. म्हणाली, काकी आल्या की बलवा.

१२ एप्रिल
वाईला जाऊन आलो. सोबत स्वतः केलेल्या खताची पिशवी नेली, कुमुदच्या कुंड्यांसाठी. बसमध्ये शेजारचा माणूस उठून मागे उभा राहिला. वयाचा मान राखणारे अजून आहेत.

कुमुदने चहा बाहेर ओट्यावरच दिला. पिशवी ओट्याखाली ठेवायला लावली. शरयू बाहेर आली. वाळली आहे. म्हणाली, तुम्हीही वाळलात. मला बरं वाटलं.

मग म्हणाली, तो डबा घरातून काढा, मी आत्ता तुमच्याबरोबर निघते. पिशवी भरलेलीच होती तिची, दारामागे. मी म्हटलं, तपासणी महिनाअखेर आहे, तेवढं होऊ दे. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, मग बक्षीसच घेऊन राहा. आणि आत गेली.

कुमुदने दार लोटलं. आवाज न करता लोटलं, हे विशेष लागलं.

२० एप्रिल
पण आकडे माझ्या बाजूने आहेत! विजेचं बिल कधी नव्हे इतकं कमी. सिलिंडर संपता संपत नाही. पाणी नाममात्र. ओला कचरा शून्य, कारण मी खाणावळीत जेवतो. तिथली आमटी ओकारी येण्यासारखी असते, आणि ताटाच्या काठाला काल कुणाचा तरी केस. पण हरित.

सगळं माझ्या शिस्तीमुळे. शरयू असताना इतकी बचत कधी जमली नसती.

२६ एप्रिल
तपासणी. मंडळाची एक मुलगी आली, क्रांती नाव. नाक न दाबणारी पहिलीच व्यक्ती. बिलं पाहिली, डबा पाहिला. घरात किती माणसं, तिने विचारलं. दोन, म्हणालो. तिने दोरीवरचे कपडे पाहिले, ओट्यावरचं एकच ताट पाहिलं. पुन्हा विचारलं नाही. तोंडावर मास्क होता, म्हणून नाक दाबत नव्हती, हे ती गेल्यावर लक्षात आलं.

१ मे
पहिला नंबर.

झेंडावंदनाला इस्त्रीचा शर्ट घातला. स्वतः इस्त्री केली, खांद्यावर डाग पडला. माईकवरून नाव पुकारलं. 'गोपाळकृष्ण काका, हरित घर, प्रथम क्रमांक, गट एकट्याने राहणारे.' टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत लालासाहेब होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. स्वप्नालीने खाली मान घातली. मी पुढे जाऊन बक्षीस घेतलं. कंपोस्टचा डबा, मोठ्या आकाराचा. तो दोन्ही हातांनी पोटाशी धरून सगळ्या कॉलनीतून घरी आणावा लागला.

खुर्चीवर बसून होतो. शरयूचा फोन आला. स्वतःहून. सत्कार झाला का, तिने विचारलं. झाला, म्हटलं. कितवा नंबर? जन्मात पहिल्यांदाच मी बक्षीस कमी करून सांगितलं. उत्तेजनार्थ, म्हणालो.

ती म्हणाली, असू द्या हो, वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या वर्षी पहिला येईल.

नको येऊ दे.